आरोग्यविचार : दुसऱ्यांदा बदलावयाचा गुडघा

गुडघ्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आतां कोणास अपरिचित राहिलेली नाहीं. २००० सालीं तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयांत डॉ. चित्तरंजन राणावत यांनीं बदलला, तेव्हां तिची चर्चा घरोघर झाली. आज जळगांव-धुळ्याकडील कुटुंबांतूनही आजी-आजोबा कृत्रिम गुडघ्यावर हिंडतांना दिसतात. परंतु हा सांधा अक्षय नव्हे. परदेशांतील नोंदींवरून शंभरांपैकीं सुमारें ८२ सांधे २५ वर्षें टिकतात, असें २०१९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालें. बाकीच्यांस पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागते, आणि तेथें खरी अडचण असते ती गमावलेल्या हाडाची.

हें हाड जातें कसें? सांध्याच्या दोन धातुभागांमध्यें प्लॅस्टिकची चकती असते. तिचे सूक्ष्म कण झिजून सुटतात, आणि त्यांवर तुटून पडणाऱ्या शरीरांतील पेशींमुळें शेजारचें हाडही पोखरलें जातें. सांधा सैल झाला किंवा त्यांत जंतुसंसर्ग झाला तरी हाड झिजतें. शिवाय जुना सांधा काढतांना थोडें जातें तें निराळेंच. विशेष हें कीं, हा ऱ्हास पुष्कळदां वेदनेवांचून चालतो. “दुखत नाहीं, मग डॉक्टर कशाला?” हें वडीलधाऱ्यांचें उत्तर येथें महाग पडतें.

दुसऱ्या शस्त्रक्रियेपूर्वीं जंतुसंसर्ग आहे कीं काय, हें प्रथम पाहतात. असल्यास बहुधा जुना सांधा काढून औषधयुक्त सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवितात, व कांहीं आठवड्यांनीं नवा सांधा घालतात. हाडांतील खळगा उथळ असेल तर सिमेंटनें भागतें; खोल असेल तर धातूचे तुकडे अथवा हाडाचें कलम लावावें लागतें. मोठी पोकळी पडली असल्यास टँटॅलम वा टायटॅनियमचे सच्छिद्र शंकू बसवितात. त्यांच्या छिद्रांत हाड वाढून रुजतें. भार पेलण्यास हाडाच्या पोकळींत लांब दांडा घालतात. स्नायुबंधही गेले असतील, तर बिजागरीचा सांधा घालण्यावांचून गत्यंतर नसतें.

खर्चांतही अंतर आहे. ऑगस्ट २०१७ मध्यें सरकारनें कमाल किंमती ठरविल्या, तेव्हां पहिल्या वेळच्या साध्या सांध्यास कर वगळून ५४,७२० रुपये, तर दुसऱ्या वेळच्या सांध्यास १,१३,९५० रुपये ही मर्यादा होती.

म्हणून शल्यवैद्य सांगतील त्या मुदतीनें क्ष-किरण-चित्र काढून घ्यावें. त्यासाठीं मुंबई गांठण्याचें कारण नाहीं, जळगांवीं वा धुळ्यासही तें निघतें. जुनीं चित्रें आणि सांध्याची बनावट व माप दर्शविणारा कागद घरच्या महत्त्वाच्या दस्तऐवजांबरोबर जपावा. गुडघा सुजला, डगमगूं लागला किंवा नव्यानें दुखूं लागला, तर दिवस घालवूं नयेत. वडील मंडळी आपण होऊन बोलणार नाहींत. मुलांनीं व सुनांनींच विचारावें. गेलेलें हाड सहसा परत मिळत नाहीं. उरलेलें मात्र वेळींच राखतां येतें.