मासळीतले न दिसणारे विष

हैदराबाद शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत वसलेले आहे. तेव्हा समुद्रातल्या विषाशी आपला काय संबंध, असे पुष्कळांना वाटते. आमचे मत याच्या उलट आहे. पूर्व किनाऱ्यावरची मासळी बर्फात भरून आपल्या बाजारात येते, आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी आपल्याच घरांत तिचा खप वाढतो. किनाऱ्यावरच्या कोळ्याला निदान पाण्याचा बदललेला रंग दिसतो. आपल्याला फक्त टोपलीतला मासा दिसतो.

शेतकऱ्याला ही गोष्ट मक्याच्या उदाहरणाने चटकन कळेल. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल जिल्ह्यांत बुरशी आलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे यकृताच्या आजाराने दगावली. हे विष अफ्लाटॉक्सिनचे आहे, हे आपल्याच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शोधून काढले. भाकरी भाजल्याने ते विष गेले नाही. समुद्रातही असेच घडते. तिथे बुरशीच्या जागी डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म शैवाल असते. त्याच्या काही जाती विष तयार करतात. शिंपले, तिसऱ्या, कालवे पाणी गाळून आपले अन्न मिळवतात, त्यामुळे ते विष त्यांच्या मांसात साठते. शिंपल्याला स्वतःला काही होत नाही. त्याचा रंग, वास, चव बदलत नाही. उकळून, तळून, चिंच-कोकम घालूनही ते विष नष्ट होत नाही.

ही दूरदेशीची गोष्ट नव्हे. १९८१ साली तामिळनाडूच्या किनाऱ्यावर शिंपले खाऊन तीन जण मरण पावले आणि ८५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्या घटनेचा अहवालही याच पोषण संस्थेने तयार केला. १९९७ साली केरळातील विळिंजम येथे सात जण दगावले आणि पाचशेहून अधिक लोक आजारी पडले. २०१६ साली मंगळूरकडे तांबोशी जातीच्या माशांची डोकी खाऊन अनेक लोक एकाच वेळी रुग्णालयात दाखल झाले. ते विष वेगळे, सिग्वाटेराचे. प्रवाळाच्या खडकांजवळच्या शैवालातून ते लहान माशांत जाते, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत साठत जाते, आणि डोके व आतडी यांत अधिक असते. येथे थांबून विचार करावा. चांगले तुकडे पैसेवाल्याच्या ताटात जातात आणि स्वस्त डोकी गरिबाच्या कालवणात पडतात. म्हणजे विषाचा मोठा वाटाही गरिबाच्याच पदरी येतो.

मग हे विष ओळखायचे कसे? चांदीचे नाणे काळे पडते का, माशी बसते का, मांजर खाते का, या घरगुती परीक्षांवर कोणी विसंबू नये. त्यांनी काहीही कळत नाही. खरी परीक्षा प्रयोगशाळेतच होते. पूर्वी शिंपल्याचा अर्क सुमारे २० ग्रॅम वजनाच्या उंदराला टोचून तो किती मिनिटांत मरतो हे मोजत. आता रासायनिक यंत्रांनी विष नेमके मोजता येते. एक किलो शिंपल्याच्या मांसात ८०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या हजाराव्या भागाहूनही कमी सॅक्सिटॉक्सिन, एवढी मर्यादा जगभर मानली जाते. शिवाय हैदराबादेतच असलेले राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र उपग्रहाच्या मदतीने समुद्रातल्या शैवालाच्या फुलोऱ्यावर नजर ठेवते. प्रत्येक फुलोरा विषारी नसतो, पण कुठे आधी तपासावे हे त्यातून कळते.

आमचा आग्रह असा की, ही तपासणी मासळी गाडीत चढण्यापूर्वी, बंदरावरच व्हावी. परदेशी जाणाऱ्या मालाची तपासणी तिकडचा ग्राहक मागतो म्हणून होते. आपल्या माणसाचा जीव काय कमी मोलाचा? २०१८ साली माशांतल्या फॉर्मॅलिनवरून गाजावाजा झाला, आणि ते ओळखणारी कागदी पट्टी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने काढलेली आहे. ती पट्टी शैवालाचे विष दाखवत नाही, हे ध्यानात ठेवावे. पण मनावर घेतले की उपाय निघतो, एवढे त्यातून दिसते. खर्च वाढेल, मासळी महागेल, असे व्यापारी म्हणतील. थोडी महागेलही. पण आपण बियाण्याच्या पिशवीवरचा शिक्का पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. मग ज्या मासळीवर घरातल्या लेकरांचे जेवण होते, ती कोणत्या बंदरातून आली एवढे तरी विचारायला नको का?

तोवर घरी काय करावे? समुद्रातल्या मोठ्या खडकाळ माशांची डोकी आणि आतडी टाळावीत. केंड मासा कधीच खाऊ नये. बांगडा, कुपा असे मासे बर्फात ठेवलेलेच घ्यावेत. ते उन्हात राहिले तर त्यांत हिस्टामीन तयार होते, आणि तेही शिजवून जात नाही. तळ्यातल्या रोहू, कटला, मरळ यांना समुद्री शैवालाच्या या विषाची भीती नाही.

खाल्ल्यावर ओठ-जिभेला मुंग्या आल्या, बधिरपणा वाटला, तोल जाऊ लागला किंवा थंड वस्तू पोळल्यासारखी लागली, तर घरगुती औषधांत वेळ दवडू नये. या विषावर उतारा नाही. पण श्वास बंद पडू लागला तर कृत्रिम श्वासोच्छ्वासाने माणूस वाचतो. म्हणून ती सोय असलेले रुग्णालय गाठावे, काय आणि केव्हा खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे. उरलेला मासा फेकू नये, कुत्र्या-कोंबड्यांनाही घालू नये. बांधून बर्फात ठेवावा. तपासणीला तोच लागतो, आणि त्यावरून शेजारची दहा घरे वाचू शकतात.