मार्गदर्शक दोन, पण जबाबदार कोण?

विज्ञानातील एका प्रबंधाला दोन विद्यापीठांचे मार्गदर्शक, ही पद्धत आता भारतातही रुळली आहे. आयआयटी मुंबईने ऑस्ट्रेलियाच्या मोनॅश विद्यापीठाबरोबर 2008 मध्ये संशोधन अकादमी काढली. तिथल्या विद्यार्थ्याला दोन्हीकडचे मार्गदर्शक लाभतात आणि पीएच.डी. दोन्ही संस्थांची मिळून मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगानेही 2022 मध्ये परदेशी संस्थांबरोबरच्या संयुक्त पदव्यांचे नियम केले. रेल्वे-टपाल कामगारांच्या मुलामुलींना यातून परदेशी प्रयोगशाळेचे दार उघडत असेल, तर आम्ही त्याचे स्वागतच करतो.

परंतु दोन खात्यांच्या मधले काम म्हणजे काय, हे आरएमएसच्या जुन्या सॉर्टरला विचारा. डबा रेल्वेचा, हुकूम टपाल खात्याचा. डब्यातला पंखा बंद पडला तर तक्रार कोणाकडे? संशोधक विद्यार्थ्याचीही हीच गत होऊ शकते. दोन मार्गदर्शकांचे जुळले नाही तर प्रबंध रखडतो, फेलोशिपची मुदत मात्र थांबत नाही.

म्हणून प्रवेशाच्या वेळीच लेखी करार हवा. विद्यावेतन, परदेशातील राहण्याचा खर्च, विमा, मुदतवाढ आणि तक्रार ऐकणारा एकच जबाबदार अधिकारी, हे सारे त्यात नमूद झालेच पाहिजे. संशोधन हेही श्रमच आहेत. त्यांना दाम मिळावा आणि दादही!