अपवादाने नियम सिद्ध होतो?
गाव मराठी म्हटले आणि कोणी चार कानडी घरे दाखवली, की आपले कार्यकर्ते इंग्रजीतून आलेले वाक्य फेकतात, ‘अपवादाने नियम सिद्ध होतो!’ हा साफ चुकीचा वापर आहे. मूळ लॅटिन कायदेवचनाचा अर्थ वेगळा. ‘रविवारी प्रवेश फुकट’ अशी पाटी असली, तर इतर दिवशी पैसे पडतात हे न लिहिताही कळते. मुद्दाम नमूद केलेल्या अपवादातून नियम उघड होतो, एवढेच. विरुद्ध उदाहरणाने नियम बळकट कसा होईल? सातवीचा पोरगाही हे विचारील! शिवाय आपली मागणी खेडे हा घटक आणि भाषिक बहुमत यांवर उभी आहे. शंभर टक्क्यांवर नव्हे. मग चार घरे खुशाल मोजावीत, जनगणनेचा आकडा पुढे ठेवावा. समितीच्या निवेदनांतून हे वाक्य काढावे, अशी माझी सूचना आहे.