चौकटीच्या कडा

छायाचित्रातील रचना म्हटली की आपल्या महाविद्यालयातील हौशी छायाचित्रकार एकच नियम सांगतात, तो तृतीयांशाचा. मोबाइलच्या पडद्यावर दोन उभ्या व दोन आडव्या रेषा आणायच्या आणि त्या जेथे एकमेकींना छेदतात तेथे विषय ठेवायचा. नियम वाईट नाही. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली निसर्गचित्रांविषयी लिहिताना त्याला हे नाव दिले. तेव्हा छायाचित्र म्हणून काही कोणी पाहिलेही नव्हते. परंतु विषय कोठे ठेवावा एवढेच हा नियम सांगतो. विषय कोणता, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते, आणि माझ्या मते आपले घोडे नेमके तेथेच अडते.

यंदाच्या अंकासाठी छायाचित्रे निवडण्याचे काम माझ्याकडे होते, म्हणून हे अधिकाराने नसले तरी अनुभवाने लिहितो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचीच छायाचित्रे घ्या. वृक्षारोपणाच्या एका छायाचित्रात पाहुणे, प्राध्यापक, स्वयंसेवक असे सर्व आहेत. रोप तेवढे चौकटीबाहेर राहिले आहे! हे हसण्यावारी नेता येईल. दुसऱ्याचे तसे नाही. वनराई बंधाऱ्यावर आमचे स्वयंसेवक ओळीने उभे आहेत, ओळ तिरकी व डौलदार, नियमाप्रमाणे सारे यथास्थित. उजव्या कडेला मात्र घमेले धरलेला एक हात दिसतो, कोपरापासून पुढचा. तो गावातल्या एका बाईचा. त्या बंधाऱ्याची निम्मी पोती गावातल्या बायांनी मातीने भरली, हे शिबिरातील प्रत्येकाला ठाऊक आहे. दहा वर्षांनी हा अंक चाळणाऱ्याला ते कसे कळावे? छायाचित्रकार दोन पावले मागे सरकला असता तर त्या बायाही चौकटीत आल्या असत्या. ते छायाचित्र आम्ही छापलेले नाही. त्याच जागेचे दुसरे, जरासे अस्पष्ट पण बायांसह असलेले मिळाले, ते घेतले आहे.

म्हणूनच रचनेचे पहिले तंत्र मी पायांचे मानतो. मागे सरका, बाजूला व्हा, लहान मूल असेल तर खाली बसा. मग चारही कडांवरून एकदा नजर फिरवा. माणूस ज्या दिशेला पाहतो आहे तिकडे थोडी मोकळी जागा सोडा. क्षितिज सरळ ठेवा, हे सांगायलाही संकोच वाटतो. ‘नियमांनी सहजता मरते’ असे म्हणणाऱ्या मित्रांना एवढेच विचारतो, की पाहुण्यांच्या डोक्यातून माइकचा दांडा उगवतो तो कोणत्या सहजतेने?

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थिनी. रेहाना मोगल या वर्गमैत्रिणीची त्यांनी काढलेली छायाचित्रे मिळवून पाहावीत. विद्यार्थ्याने विद्यार्थ्याकडे पाहिलेले असे काही आपल्या अंकात क्वचितच सापडते. त्यांच्या हाती पुढे दिसणाऱ्या रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यात एका रोलवर बाराच चौरस चित्रे निघत. वरून काचेत पाहायचे, तेही डावे-उजवे उलटे. बाराच्या हिशेबाने काम करणारा माणूस खटका दाबण्यापूर्वी कडा तपासणारच. आम्ही एका मिनिटात तीस काढतो आणि निवड मागाहून करू म्हणतो. ती मागाहून कोणी करीत नाही, हे तीसच्या तीस हाती आलेला मी सांगू शकतो.

स्नेहसंमेलनातील छायाचित्र स्पर्धेसाठी माझी एक सूचना आहे. प्रत्येक स्पर्धकाने छायाचित्राच्या मागे एकच ओळ लिहून द्यावी: या चौकटीबाहेर काय राहिले आणि का. परीक्षकांनी गुण देण्यापूर्वी ती वाचावी. वाचायला फार वेळ लागणार नाही. लिहायला मात्र लागेल.