पोकेमॉनच्या डबल्समध्ये सगळ्यात वेगवान गडी पहिला हल्ला का करत नाही?

27 फेब्रुवारी 2025 ला पोकेमॉन कंपनीने ‘पोकेमॉन चॅम्पियन्स’ हा गेम जाहीर केला. यात जंगलात फिरणं नाही, पोकेमॉन पकडत बसणं नाही, फक्त लढती आहेत. आपल्यासाठी खरी बातमी वेगळीच होती: हा गेम निन्टेन्डो स्विचसोबत मोबाईलसाठीही बनतोय. आतापर्यंत या लढतींची अधिकृत स्पर्धा खेळायची म्हणजे आयात केलेला कन्सोल आणि वर महागडी गेम, असा हजारोंचा हिशोब होता. कळंब किंवा उमरग्याच्या पोराने तो नाद आधीच सोडून दिला असेल तर त्यात त्याची काही चूक नव्हती.

आता दार उघडतंय, तर एक प्रश्न विचारायलाच हवा. साधा फोन आणि मध्येच दोन काड्यांवर येणारं नेट एवढ्यावर या खेळात खरंच टक्कर देता येते का? माझ्या मते येते. त्याचं कारण समजायला या खेळातली एकच भूमिका नीट समजून घेऊ: ‘फास्ट सपोर्ट अटॅकर’, म्हणजे वेगवान मदतनीस.

इथे वेग बोटांचा नाही

पोकेमॉन युनाइट तुम्ही खेळला असाल. त्यात पाच विरुद्ध पाच, सगळं एकाच वेळी चालू. पिंग वाढला की तुमचा गडी जागेवरच थिजतो. पोकेमॉन गोमधल्या लढतीतही अर्ध्या सेकंदाचा हिशोब असतो. अशा खेळात रेंज कमी म्हणजे अर्धी हार तिथेच.

पोकेमॉनची मुख्य स्पर्धा मात्र पाळीपाळीने चालते. सहा जणांचा संघ असतो, त्यातले चार निवडायचे आणि एका वेळी दोन मैदानात. म्हणजे दोन विरुद्ध दोन, म्हणून ‘डबल्स’. स्कार्लेट आणि व्हायोलेट या गेममधल्या स्पर्धेच्या नियमांनुसार प्रत्येक चालीचा विचार करायला 45 सेकंद मिळतात. तुमचा पिंग 40 मिलिसेकंद असो की 400, 45 सेकंदांपुढे तो काहीच नाही. नेट पूर्ण तुटलं तर सामना जाऊ शकतो, ते खरं. पण नेट नुसतं संथ आहे म्हणून कुणी हरत नाही.

इथला वेग म्हणजे प्रत्येक पोकेमॉनला दिलेला एक आकडा. दोन्ही खेळाडूंनी आपापली चाल गुपचूप निवडायची. मग गेम चौघांची रांग लावतो आणि ज्याचा आकडा मोठा त्याची चाल आधी होते. विचार करायला सगळ्यांना सारखाच वेळ मिळतो.

रांग कशी लागते?

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे मला हे सरळ सॉर्टिंग दिसतं. नियम तीन:

1. आधी प्राधान्य बघायचं. काही चालींना जन्मतःच वरचा क्रमांक असतो. ‘फेक आउट’चं प्राधान्य अधिक 3 आहे, साध्या हल्ल्याचं शून्य.
2. प्राधान्य सारखं असेल तर वेगाचा आकडा बघायचा.
3. वेगही सारखा असेल तर छापा-काटा.

आता खरे आकडे घेऊ. स्पर्धेत सगळे 50 व्या लेव्हलला असतात. समोर फ्लटर मेन आहे, पूर्ण वेग दिला तर त्याचा आकडा 205. तुमच्याकडे हाणामारीला उर्शिफू आहे, पूर्ण वेग देऊनही 163. म्हणजे दर पाळीला फ्लटर मेन आधी मारणार आणि उर्शिफूची पाळी येईपर्यंत तो शिल्लक असेलच असं नाही.

इथे मदतनीस येतो: व्हिम्सिकॉट. कापसाच्या बोंडासारखा दिसतो, वेग 184. फ्लटर मेनपेक्षा तोही हळूच. पण त्याच्याकडे ‘प्रँक्स्टर’ नावाचा गुण आहे. त्यामुळे ज्या चाली थेट मारत नाहीत, त्यांना अधिक 1 प्राधान्य मिळतं. तो ‘टेलविंड’ वापरतो, म्हणजे पाठीमागून वारा. आपल्या बाजूच्या सगळ्यांचा वेग चार पाळ्यांसाठी दुप्पट. उर्शिफूचा आकडा 163 वरून 326 झाला, फ्लटर मेन 205 वरच राहिला. रांग उलटली.

हा हिशोब आंधळेपणाने करू नका. इन्सिनरोरला वेग अजिबात दिला नाही तर त्याचा आकडा 80 असतो. दुप्पट केला तरी 160, म्हणजे फ्लटर मेनच्या मागेच. वारा कुणाच्या कामाचा आणि कुणाच्या नाही, हे संघ बनवतानाच कागदावर मांडायचं असतं.

2019 मध्ये काय बदललं?

हा भाग बऱ्याच नवीन खेळाडूंना माहीत नसतो. नोव्हेंबर 2019 मध्ये आलेल्या स्वोर्ड आणि शील्डच्या आधी गेम पाळीच्या सुरुवातीला एकदाच रांग लावायचा. म्हणजे टेलविंड आधी झाला तरी त्या पाळीत जोडीदार जुन्याच जागेवर उभा. चार पाळ्यांतली पहिली जवळपास वायाच जायची.

स्वोर्ड-शील्डपासून प्रत्येक चालीनंतर उरलेल्यांची रांग पुन्हा लागते. कोडच्या भाषेत सांगायचं तर सॉर्ट लूपच्या बाहेर होता, तो लूपच्या आत आला. परिणाम मोठा झाला. वरच्या उदाहरणात व्हिम्सिकॉटने वारा सोडल्याबरोबर, त्याच पाळीत, उर्शिफू फ्लटर मेनच्या आधी मारतो. तीन उपयोगी पाळ्यांच्या चार झाल्या. एवढ्याशा बदलाने वेगवान मदतनीसाची किंमत वाढली.

मग ‘अटॅकर’ कशाला? नुसता मदतनीस चालत नाही का?

नाही चालत, कारण ‘टॉन्ट’ नावाची चाल आहे. ती बसली की काही पाळ्या तुम्हाला फक्त मारायच्याच चाली वापरता येतात. ज्याच्याकडे नुसती मदत आहे, तो मग मैदानात उभा राहून बघत बसतो.

म्हणून चांगल्या मदतनीसाकडे मारता-मारता मदत करणारी चाल लागते. ‘आइसी विंड’ हे सोपं उदाहरण. ताकद फक्त 55, पण समोरच्या दोघांनाही लागते आणि दोघांचाही वेग एका पायरीने उतरवते, म्हणजे दोन तृतीयांशावर आणते. फ्लटर मेनचे 205 थेट 136 होतात, आता उर्शिफू 163 वर असूनही पुढे. ही मारायची चाल असल्यामुळे टॉन्ट तिला अडवू शकत नाही.

दुसरा फायदा हिशोबाचा आहे. तुमच्या मुख्य गड्याचा हल्ला समोरच्याचं 90 टक्के बळ काढत असेल, तर उरलेल्या 10 टक्क्यांसाठी आख्खी एक पाळी जाते. मदतनीसाने आधी थोडं खरवडून ठेवलं की तोच हल्ला पुरतो. वाचलेली एक पाळी म्हणजे बऱ्याचदा सामनाच.

खो-खो खेळलेल्याला हे लवकर कळतं

धाराशिव हा खो-खोचा जिल्हा. इथल्या सारिका काळे भारतीय महिला संघाच्या कर्णधार होत्या आणि 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. शाळेच्या मैदानावर खो-खो खेळलेल्या कुणालाही विचारा: पाठलाग करणाऱ्याला मधली पट्टी ओलांडता येत नाही, एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही. मग तो काय करतो? पळणाऱ्याला नको त्या बाजूला रेटतो आणि नेमक्या जागी बसलेल्याला खो देतो. बाद करणारा दुसराच असतो, पण गडी फसला तो आधीच्याच्या धावेमुळे.

वेगवान मदतनीस म्हणजे हाच खो देणारा. ‘मीच बाद करणार’ म्हणून धावत सुटला तर दम जातो आणि गडीही सुटतो. नवीन खेळाडू व्हिम्सिकॉटला पूर्ण हल्ल्याच्या चाली देऊन बघतात आणि म्हणतात हा पोकेमॉन कमजोर आहे. कमजोर नाही, त्याला काम चुकीचं दिलंय.

2014 च्या वॉशिंग्टनमधल्या जागतिक स्पर्धेत कोरियाच्या सेजुन पार्कने पाचिरिसू नावाची छोटीशी विजेची खार संघात घेतली आणि जगज्जेतेपद जिंकलं. पार्कने तिला वेगापेक्षा तग धरण्यावर बांधलं होतं, पण भूमिका याच जातीची. ‘फॉलो मी’ने समोरचे हल्ले अंगावर घ्यायचे, ‘सुपर फँग’ने समोरच्याचं उरलेलं बळ अर्धं करायचं, ‘नझल’ने लकवा देऊन त्याला मंद करायचं. मोठे हल्ले करायला गॅराडॉससारखे गडी होतेच. त्या संघातलं नाव लोकांच्या लक्षात राहिलं ते मात्र खारीचं.

याला तोडही आहे

कुठलीही भूमिका अजिंक्य नसते. सराव करताना या चार गोष्टी लक्षात ठेवा:

- ‘ट्रिक रूम’ लागली की पाच पाळ्या रांग उलटी चालते, हळू गडी आधी. तेव्हा तुमचा वारा तुमच्याच अंगावर येतो.
- ‘डार्क’ प्रकारच्या पोकेमॉनवर प्रँक्स्टरच्या जोरावर केलेली चाल चालत नाही. टेलविंड आपल्याच बाजूला असल्याने होतो, पण समोरच्याला तीच चाल पुन्हा करायला लावणारी ‘एन्कोर’ वाया जाते.
- ‘डिफायंट’ किंवा ‘कॉम्पिटिटिव्ह’ गुण असलेल्याचा वेग उतरवला की त्याची मारायची ताकद उलट वाढते. तिथे आइसी विंड म्हणजे आगीत तेल.
- मदतनीस नाजूक असतो. म्हणून त्याला बरेच जण ‘फोकस सॅश’ देतात. पूर्ण बळ असताना एका फटक्यात तो मरत नाही, 1 बळावर टिकतो.

सराव फुकट करायचा तर ‘पोकेमॉन शोडाउन’ आहे. चाहत्यांनी बनवलेलं, ओपन सोर्स, फोनच्या ब्राउझरमध्येही चालणारं. लढतीत प्रत्येक चालीला सर्व्हरकडून येतो तो काही ओळींचा मजकूर, त्यामुळे डेटा फार खात नाही. आधी दहा सामने फक्त एकच गोष्ट लिहून ठेवा: पहिल्या पाळीत चौघांचा क्रम काय लागला, आणि तो तुम्ही आधी ओळखला होता का. हरलात तरी चालेल. क्रम ओळखता यायला लागला की निम्मा खेळ आला.

आणि पैशांचं काय?

‘एवढं डोकं लावायचं तर दोन पैसे पण मिळाले पाहिजेत’ हा विचार साहजिक आहे. म्हणून 2025 चा ऑनलाइन गेमिंग कायदा माहीत असायला हवा. ऑगस्ट 2025 मध्ये तो संसदेत मंजूर झाला आणि 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. यात तीन खाने आहेत: ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि पैशांचे गेम. पहिल्या दोघांना वाव आहे, तिसऱ्यावर बंदी.

आधी वाद असायचा कौशल्य की नशीब. रमीसारख्या पत्त्यांच्या खेळांची बाजू याच मुद्द्यावर मांडली जायची. नवीन कायद्याने तो प्रश्नच बाजूला ठेवला. पैसे जिंकण्याच्या आशेने पैसे लावले, तर तो पैशांचा गेम, मग त्यात कितीही कौशल्य असो. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. मान्यताप्राप्त, नोंदणी असलेल्या ई-स्पोर्ट्स स्पर्धेत प्रवेश फी आणि कामगिरीवर बक्षीस चालतं, पैज लावणं नाही.

म्हणजे वर मी जो 205 आणि 326 चा हिशोब सांगितला, तो शंभर टक्के कौशल्याचा असला तरी तो बचाव होत नाही. एखाद्या ग्रुपवर कुणी म्हणालं, ‘पन्नास टाक, जिंकलास तर पाचशे, हा तर डोक्याचा गेम आहे’, तर त्याचं पहिलं वाक्य बघा, दुसरं नाही. असे ग्रुप चालवणारा ॲडमिन गायब झाला की तक्रार करायलाही तोंड उरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. पाळीपाळीच्या लढतींचा खेळ फोनवर येणं ही लहान गावातल्या खेळाडूसाठी अलीकडच्या काळातली सगळ्यात चांगली गेमिंग बातमी आहे, कारण इथे महागडा फोन आणि फायबर नेटवाला आपोआप पुढे जात नाही. पण ही संधी टिकेल ती खेळ म्हणून खेळली तरच. सुरुवात करायची असेल तर संघातला सगळ्यात ताकदवान गडी शोधत बसू नका. आधी ठरवा की त्याच्यासाठी वाट कोण मोकळी करणार, आणि त्या गड्यापासून संघ बांधायला घ्या.