पिकअपला ‘पिकअप’ नाही? आधी फिल्टर बघा!

कोणत्याही टपरीवर दोन पिकअपवाले एकत्र आले की पाचव्या मिनिटाला विषय निघतोच, “गाडीला पिकअप राहिला नाही राव!” मग सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. एक म्हणतो चिप बसव, दुसरा म्हणतो डिझेल वाढवून घे, तिसरा म्हणतो मोठं नोझल टाक, घाटात पळेल बघ. आणि आपण मेकॅनिकलवाले? चहाचा ग्लास हातात धरून गप्प. डिझेल सायकलची एफिशियन्सी डिराईव्ह करा म्हटलं तर परीक्षेत दोन पानं भरून टाकू. पण त्याच इंजिनाच्या डिझेल फिल्टरच्या बुडाशी जो छोटा स्क्रू असतो तो कशासाठी, असं कुणी विचारलं तर निम्मी बॅच एकमेकांच्या तोंडाकडे बघेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पिकअपच्या फ्युएल सिस्टीमचं पहिलं अपग्रेड म्हणजे स्वच्छ, पाणी नसलेलं आणि हवा नसलेलं डिझेल पंपापर्यंत पोचवणं. ते झाल्याशिवाय केलेला बाकी सगळा खर्च म्हणजे गळक्या बादलीला चांदीची कडी. आणि हे गाडीवाल्याला समजावून सांगायची जबाबदारी इंजिनीअरिंग कॉलेजची आहे, कारण चिप विकणारा ते कधीच सांगणार नाही.

आता कुणी म्हणेल, एवढं काय मनावर घ्यायचं? मित्रहो, थोडा विचार करा. नाशिककडचा टोमॅटो रात्री कसारा घाट उतरून वाशीच्या मार्केटला जातो, त्यातला कितीतरी पिकअपमधूनच जातो. गाडी बहुतेक वेळा कर्जावर, हप्ता दर महिन्याला. रात्री दोन वाजता घाटात गाडी बंद पडली की भाडं गेलं, माल नासला आणि व्यापाऱ्याचा विश्वासही गेला. फिल्टर काही शे ते हजार-दीड हजारात येतो. चार इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप एकदम बदलायची वेळ आली तर हिशोब लाखाच्या घरात जाऊ शकतो. मालकाचा पुढचा सीझन त्यात गेला म्हणून समजा.

हे एवढं नाजूक का, ते एका साध्या गणितात कळेल. समजा, पिकअप ताशी ६० किलोमीटरने चाललीय आणि लिटरला १० किलोमीटर देतेय. म्हणजे तासाला ६ लिटर डिझेल. इंजिन चार सिलिंडरचं, २००० आरपीएमवर. फोर स्ट्रोक असल्यामुळे एका सिलिंडरला मिनिटाला १००० वेळा डिझेल मिळतं, तासाला ६० हजार वेळा. चार सिलिंडरचे झाले २ लाख ४० हजार. ६ लिटरला त्याने भागा. एका वेळी येतं २५ घन मिलिमीटर! एक मिलिलिटरचे वीस थेंब धरले तर हा झाला अर्धा थेंब. हा अर्धा थेंबसुद्धा इंजेक्टर एकदम सोडत नाही, आधी थोडा ‘पायलट’, मग ‘मेन’. कॉमन रेलमधलं प्रेशर १६०० बार किंवा त्याहून जास्त. ट्रकच्या टायरमध्ये ७-८ बार असतं, म्हणजे दोनशे पट झालं की नाही? आणि ज्या भागांच्या हालचालीवर हे सगळं चालतं, त्यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉन. आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा. मग डोळ्याला न दिसणारा धुळीचा कण तिथे काय करत असेल, याची कल्पना करा.

जुन्या गाड्यांचं असं नव्हतं. मेकॅनिकल पंपाच्या जमान्यात नोझल साधारण २०० ते २५० बारला उघडायचं. थोडी घाण, थोडं पाणी ती सिस्टीम पचवायची. सिलिंडर मारतोय की नाही हे बघायला मिस्त्री चालू इंजिनवर पाइपचा नट सैल करायचे. आणि ताकद कमी वाटली की पंपाचा स्क्रू फिरवून ‘डिझेल वाढवायचे’. गाडी काळा धूर सोडत निघाली की मालक खूश. खरं तर काळा धूर म्हणजे सिलिंडरमध्ये हवा पुरली नाही म्हणून अर्धवट जळालेलं डिझेल, म्हणजे मालकाचेच पैसे सायलेन्सरमधून बाहेर! एक्झॉस्टचं तापमान वाढतं, टर्बो आणि पिस्टन भाजून निघतात, ते वेगळंच.

आज हीच सवय चिपच्या रूपाने परत आलीय. स्वस्तातली बरीचशी चिप म्हणजे रेलच्या प्रेशर सेन्सरला जोडलेली एक डबी. खरं प्रेशर जेवढं आहे त्यापेक्षा कमी आहे असं ती ईसीयूला खोटं सांगते. बिचारा ईसीयू प्रेशर वाढवतो, डिझेल जास्त जातं, गाडी पळाल्यासारखी वाटते. पण तो वाढीव भार सोसतो कोण? तोच पंप, तेच इंजेक्टर. त्यात फिल्टर अर्धा तुंबलेला असेल तर पंपाला एकीकडून डिझेल कमी मिळतं आणि दुसरीकडून मागणी जास्त. महिनाभर उपास घडवून पोराला मॅरेथॉनला पाठवण्यातला हा प्रकार!

अपग्रेड करूच नये असं माझं म्हणणं नाही. चांगलं अपग्रेड कसं असतं ते बघायला जरा अमेरिकेकडे बघू, कारण पिकअपच्या डिझेल सिस्टीमवर सर्वांत जास्त हौस तिथेच चालते. जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स इंजिनाच्या पिकअपमध्ये २००१ पासून २०१६ पर्यंत टाकीकडून डिझेल पुढे ढकलणारा वेगळा लिफ्ट पंप कंपनीने दिलाच नव्हता. हाय प्रेशर पंपालाच टाकीतून, फिल्टरमधून डिझेल ओढून घ्यावं लागायचं. ओढण्याच्या बाजूला लाइन जरा सैल असली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत येते, म्हणून दोष पटकन सापडतही नाही. तिथले जाणकार मालक काय करायचे? आधी लिफ्ट पंप आणि पाणी वेगळं करणारा चांगला फिल्टर बसवायचे, ताकद वाढवायचं नंतर. २०१७ च्या मॉडेलपासून कंपनीने स्वतःच टाकीत पंप दिला. म्हणजे गॅरेजमधलं शहाणपण शेवटी फॅक्टरीत पोचलं!

दुसरी गोष्ट सीपी४ नावाच्या हाय प्रेशर पंपाची. हा पंप आतून झिजला की धातूचा कीस रेल, इंजेक्टर आणि परतीच्या लाइनमधून टाकीपर्यंत पसरतो. मग एक पार्ट बदलून भागत नाही, अख्खी सिस्टीम बदलावी लागते. रॅम कंपनीने २०१९ च्या पिकअपला हा पंप घेतला आणि २०२१ मध्ये गाड्या परत बोलावून आधीचा सीपी३ बसवून द्यायची वेळ तिच्यावर आली. नवीन म्हणजे चांगलंच असं नसतं, हा धडा कंपन्यांनाही चुकला नाही.

यात डिझेलचाही वाटा आहे. हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं, बहुतेक पंपांना डिझेलच वंगण देतं. आपल्याकडे १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. डिझेलमधलं सल्फर ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं. हवेसाठी हे उत्तमच. पण सल्फर काढताना डिझेलचा अंगचा बुळबुळीतपणाही कमी होतो, म्हणून रिफायनरीला तो अॅडिटिव्ह घालून परत आणावा लागतो. अशा डिझेलमध्ये कुणी रॉकेल मिसळलं तर? पातळ डिझेल, वंगण कमी, पंप कोरडा घासतो.

भेसळीचं नाव निघालं की दोन माणसं आठवायलाच हवीत. म्हैसूरला इंजिनीअरिंग करून आयआयएम लखनौला शिकलेले एस. मंजुनाथ इंडियन ऑइलमध्ये अधिकारी होते. भेसळ करणाऱ्या पंपावर कारवाई केली म्हणून २००५ साली उत्तर प्रदेशात लखीमपूर खीरीला त्यांचा खून झाला. आणि आपल्याच महाराष्ट्रात, मनमाडजवळ, २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जिवंत जाळलं. फिल्टरमध्ये येणारी घाण नेहमी टाकीच्या गंजातूनच येते असं नाही. पंपावर डेन्सिटी तपासून मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. हायड्रोमीटर आणि थर्मामीटर पंपावर असावाच लागतो. आपण लॅबमध्ये हायड्रोमीटर हाताळलेला असतो, मग तिथे विचारायला लाज कसली?

आता कामाचं बोलू. मेंटेनन्स म्हणजे नेमकं काय करायचं?

फिल्टरच्या बुडाशी असलेल्या स्क्रूने पाणी काढायचं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते खाली बसतं. डॅशबोर्डवर पाण्याचा दिवा लागला तर ‘बघू उद्या’ करायचं नाही. पावसाळ्यात आणि कॅनने डिझेल भरणाऱ्यांनी तर वरचेवर बघावं. रात्रभर गाडी अर्ध्या टाकीने उभी असली तर रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं, म्हणून संध्याकाळीच टाकी भरलेली बरी. फिल्टर कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरला बदलायचा, धुळीच्या रस्त्यावर त्याआधी. नवीन फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवायचा नाही, कारण ते डिझेल गाळलेलं नसतं आणि थेट स्वच्छ बाजूला जाऊ शकतं. रिकामा बसवावा आणि हातपंपाने हवा काढावी.

मध्येच एखादा स्वस्तातला जास्तीचा फिल्टर लाइनला जोडतात, तोही विचार करून. ओढण्याच्या बाजूला अडथळा वाढला तर पंप उपाशी राहतो. जोडायला जीआयचं फिटिंग किंवा तांब्याचा पाइप वापरू नये. जस्त आणि तांबं डिझेलमध्ये थोडं थोडं उतरतं आणि नोझलच्या भोकांत त्याचा थर बसतो. टेफ्लॉन टेपचा धागासुद्धा इंजेक्टर जाम करायला पुरतो.

गाडी कमी ओढतेय असं वाटलं तर लगेच चारही इंजेक्टर बदलायला सांगू नका. इंजेक्टरच्या रिटर्नला चार नळ्या जोडून चार सारख्या बाटल्यांत डिझेल घ्या. ज्या बाटलीत जास्त जमा होईल तो इंजेक्टर आतून गळतोय. नळ्या-बाटल्यांचा खर्च आपल्या एका कँटीन बिलाएवढा. नवीन इंजेक्टर बसवला की त्याच्यावर छापलेला कोड ईसीयूला द्यावाच लागतो, नाहीतर नवीन पार्ट असून गाडी खडखडतच राहणार.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरांत समजा. कॉमन रेलच्या गाडीत चालू इंजिनवर हाय प्रेशर पाइपचा नट कधीही सैल करायचा नाही. गळती बोटाने चाचपून बघायची नाही. तेवढ्या प्रेशरची धार कातडी भेदून आत जाते. वरून टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते आणि आत बोट, कधी अख्खा हात गमवायची वेळ येते. असं झालं तर दुखत नाही म्हणून घरी न जाता त्याच तासाला हॉस्पिटल गाठायचं. जुन्या मिस्त्रींचा हात कितीही बसलेला असो, ही एक सवय नवीन गाडीवर चालत नाही.

आता कॉलेजकडे एक मागणी. आपल्या मेसची भाजी, दूध, गॅस ज्या गाड्यांनी येतं त्या गाड्या रोज वर्कशॉपच्या पन्नास पावलांवर उभ्या राहतात. महिन्यातून एक शनिवार वर्कशॉपमध्ये या गाड्यांसाठी ठेवता येणार नाही का? थर्ड इयरची पोरं, एक लॅब असिस्टंट काका, आणि गावातला एखादा पंप-नोझलवाला मिस्त्री पाहुणा म्हणून. पाणी काढणं, फिल्टर बघणं, रिटर्न टेस्ट, एवढंच. गाडीवाल्याला गाडीची खरी तब्येत कळेल, आपल्याला जर्नलमध्ये उतरवायला खरं रीडिंग मिळेल. दरवर्षी मागच्या बॅचचं रीडिंग ‘रेफर’ करण्यापेक्षा हे बरं, नाही का?

आणि होस्टेलच्या स्टाफलाही एक विनंती. मागच्या बाजूला जो जनरेटर आहे, त्याचीही सिस्टीम डिझेलचीच. तो महिनोन्‌महिने नुसता उभा असतो, त्यामुळे टाकीत पाणी साठतं आणि पाणी-डिझेलच्या सांध्यावर बुरशीसारखा चिकट थर वाढतो. परीक्षेच्या आदल्या रात्री लाइट गेल्यावर हे समजण्यापेक्षा, या रविवारीच टाकीखालचा कॉक उघडून एक ग्लासभर डिझेल काढून बघा. तळाशी पाणी दिसलं तर आम्हाला हाक मारा. पाना घेऊन येतो.