कॉइल भरण्याआधी

मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या पुढे सोनगीर लागतं. किल्ल्यामुळे आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांमुळे सगळ्या खानदेशाला माहीत असलेलं गाव. तिथले आपले एक वर्गणीदार मोटार वाइंडिंग आणि स्टार्टरची कामं करतात. मध्यंतरी त्यांच्या टेबलावर एक वेगळंच यंत्र आलं. मुंबईच्या जुन्या बाजारातून कुणीतरी हौसेने उचललेलं अमेरिकन पिनबॉल. लाकडी पेटी, वर काच, आत उतरता फळा आणि फळ्याखाली तारांचा गुंता. चेंडू लागल्यावर खाली पडणाऱ्या पाट्या, म्हणजे ड्रॉप टार्गेट, परत वर उभ्या राहत नव्हत्या आणि त्यांना उचलणारी कॉइल जळत होती. फोनवर त्यांचं पहिलंच वाक्य होतं, "भाऊ, कॉइल भरी, तरी जयी गयी."

हे वाक्य आपल्याला पाठ आहे. रब्बीचं पाणी सुरू झालं की दुकानात स्टार्टरची रांग लागते आणि दर दुसरा शेतकरी हेच सांगतो. नो-व्होल्ट कॉइल बदलली, पंधरा दिवस चाललं, परत जळालं. आपण पुन्हा कॉइल बदलतो, पैसे घेतो. माणूस ओळखीचा असेल तर थोडे कमी घेतो, पण कॉइल का जळाली हे बघायला कोणी बसत नाही. या महिन्याचं संपादकीय एका खेळाच्या यंत्रावर लिहितो आहे ते एवढ्यासाठी, की स्टार्टरमध्ये जे झाकणाआड घडतं तेच या यंत्रात डोळ्यांसमोर घडतं.

आधी रचना समजून घेऊ. प्लास्टिकची अरुंद पाटी फळ्याच्या फटीतून वर आलेली असते. तिच्या मागच्या अंगाला एक खाच असते आणि त्या खाचेच्या आधारावर ती लोखंडी पट्टीच्या पायरीवर टेकलेली असते. स्प्रिंग तिला सतत खाली आणि पुढे ओढत असते. साधारण ऐंशी ग्रॅमचा पोलादी चेंडू आदळला की पाटी एक-दोन मिलिमीटर मागे सरकते, पायरी सुटते आणि स्प्रिंग तिला खाली खेचते. पडताना तिचं शेपूट एका पत्तीला दाबतं, कॉन्टॅक्ट होतो आणि गुण मिळतात. ओळीतल्या सगळ्या पाट्या पडल्या की त्यांच्या कॉन्टॅक्टमधून सर्किट पूर्ण होतं, रिले ओढते, मोठी कॉइल प्लंजर खेचते आणि खालची आडवी उचलपट्टी सगळ्या पाट्यांना एकदम वर ढकलते. पाट्या पायरीच्या थोड्या वर जातात, स्प्रिंगमुळे पुढे सरकतात आणि पायरीवर बसतात.

ही युक्ती शिकागोच्या विल्यम्स कंपनीने १९६२ मध्ये 'व्हॅगाबाँड' या यंत्रात पहिल्यांदा वापरली. रचनाकार होते स्टीव्ह कॉर्डेक. त्यांना शंभर वर्षांचं आयुष्य लाभलं आणि त्यातला फार मोठा भाग त्यांनी याच धंद्यात घालवला. पुढे १९७१ मध्ये गॉटलीब कंपनीच्या '२००१' या यंत्रात अशा पाट्यांच्या दहा-दहाच्या दोन ओळी आल्या. १९७७ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक बोर्ड येईपर्यंत हे सगळं रिले, कॅम आणि पत्त्यांवर चालायचं. सोनगीरला आलेलं यंत्र या जुन्या पिढीतलं, म्हणजे पुरतं आपल्या हातातलं.

आता दोष कसा शोधायचा. प्लग काढा, फळा उचलून टेकवा, मल्टिमीटर बाजूला ठेवा आणि प्लंजर बोटाने पूर्ण आत दाबा. सगळ्या पाट्या वर जाऊन पायरीवर बसल्या, तर यांत्रिक बाजू ठीक आहे. मग व्होल्टेज, कॉन्टॅक्ट, वायर आणि कॉइल यांच्याकडे वळा. हाताने दाबूनही एखादी पाटी बसत नसेल, तर कितीही चांगली कॉइल भरा, ती बसणार नाही. पाच मिनिटांच्या या एका चाचणीत अर्धा प्रश्न सुटतो. ही चाचणी न करता मीटर लावणारा कारागीर हुशार असला तरी मी त्याला घाईचा म्हणेन.

सोनगीरच्या यंत्रात हाताने दाबूनही कडेच्या दोन पाट्या बसत नव्हत्या. पाटी पायरीच्या वर निदान एखादा मिलिमीटर जास्त जायला हवी, तरच ती पुढे सरकून बसते. इथे ती जेमतेम पायरीला लागत होती. उचल का कमी पडते? कॉइलच्या टोकाला प्लंजर जिथे आपटतो तो स्टॉप स्क्रू ढिले होऊन सरकतो. वर्षानुवर्षं आपटून प्लंजरचं टोक छत्रीसारखं पसरतं आणि स्लीव्हमध्ये अडतं. ब्रॅकेटचे लाकडातले स्क्रू सैल पडतात आणि अख्खी कॉइल प्रत्येक झटक्याला हलते. या यंत्रात पहिल्या दोन्ही गोष्टी होत्या. शिवाय स्लीव्हमध्ये काळी चिकट राळ. आधीच्या कुणीतरी तेल सोडलं होतं.

तेलाबद्दल थोडं कठोर लिहितो. जाम झालं की थेंबभर तेल, ही सवय आपल्याकडे खोलवर रुजली आहे. कॉइलची स्लीव्ह आणि प्लंजर कोरडेच चालायचे असतात. खानदेशातली धूळ, जिनिंगच्या हंगामात हवेत उडणारी रुई आणि उन्हाळ्यातला त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा पारा, यांत तेलाचा लेप व्हायला वेळ लागत नाही. स्लीव्ह स्पिरिटने पुसा, नाहीतर नवी टाका. प्लंजरचं पसरलेलं टोक कानशीने मापात आणा. तेवढ्यावर भागतं.

आता कॉइल जळण्याचं कारण. गॉटलीबच्या त्या काळातल्या यंत्रात कॉइलला साधारण २४-२५ व्होल्ट एसी मिळतो. एसी कॉइलमध्ये प्लंजर पूर्ण आत गेला की चुंबकीय मार्ग बंद होतो, इंडक्टन्स वाढतो आणि करंट खाली येतो. प्लंजर अर्ध्यात अडकला तर करंट चढाच राहतो, कॉइल घुमते, तापते आणि इनॅमल जळतं. स्टार्टरमध्येही हेच. चुंबकाच्या तोंडावर गंज, मुंगी किंवा माती बसली, कॉन्टॅक्टर पूर्ण बसला नाही, की कॉइल गुणगुणायला लागते. हा आवाज ग्राहक आधी ऐकतो आणि दुकानात येतो नंतर. तो सांगतो तेव्हा नीट ऐकून घ्या. डीसी कॉइलवर चालणाऱ्या नंतरच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांत हा नियम लागू नाही. तिथे प्लंजर कुठेही असो, करंट रेझिस्टन्सने ठरतो. त्यामुळे तिथे कॉइल जळाली की ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे का, हे आधी बघायचं.

पाट्या उचलणारी कॉइल क्षणभराच्या कामासाठी बनवलेली असते. ती सतत चालू राहिली तर काही वेळातच धूर निघतो. सोनगीरच्या यंत्रात रिलेचा एक कॉन्टॅक्ट ठिणग्यांनी चिकटला होता. म्हणजे प्लंजर अर्ध्यात, आणि सप्लाय बंदही होत नाही. एवढं असूनही कॉइल वाचली असती, पण फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली होती. फ्यूजचं काम कॉइलने केलं. डीपीवर, मोटारीच्या पेटीत, घरच्या बोर्डात आपण ही तार रोज बघतो आणि कित्येकदा आपणच ती लावतो. ग्राहक म्हणतो, फ्यूज सारखा उडतो, कायमचं काहीतरी करा. कायमचं करायचं म्हणजे तो का उडतो ते शोधायचं. या मासिकात फ्यूजच्या जागी तार टाकण्याचं समर्थन कधीही छापलं जाणार नाही.

कॉन्टॅक्ट साफ करण्याच्या पद्धतीही यंत्रागणिक वेगळ्या. जुन्या रिलेचे चांदीचे कॉन्टॅक्ट बारीक कॉन्टॅक्ट-कानशीने हलक्या हाताने घासता येतात. पॉलिशपेपर नको, त्याचे कण रुतून बसतात. इलेक्ट्रॉनिक यंत्रातले सोन्याचा मुलामा दिलेले कॉन्टॅक्ट मात्र कानशीने गेलेच म्हणून समजा. तिथे कोरं जाड कागदाचं कार्ड दोन टोकांमध्ये धरून ओढायचं, बस्स.

कॉइल भरणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. विल्यम्सच्या कॉइलवर 'एई-२३-८००' असा क्रमांक दिसला तर त्यातले २३ हे वायरचं गेज आणि ८०० हे वेढे. पण हे गेज अमेरिकन आहे. अमेरिकन २३ म्हणजे ०.५७ मिलिमीटर आणि आपण वापरतो ते एसडब्ल्यूजी २३ म्हणजे ०.६१. आकडा तोच बघून वायर घेतली तर जाड वायर भरली जाते, जागा पुरत नाही, आणि मग हात आपोआप वेढे कमी करतो. एसी कॉइलमध्ये करंट वेढ्यांच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. दहा टक्के वेढे कमी झाले तर करंट साधारण पाव हिस्सा वाढतो. एवढ्यात नवी कॉइल जुन्या कॉइलच्या वाटेने जाते. जळालेल्या कॉइलची वायर मायक्रोमीटरने मोजा, वेढे मोजून उलगडा आणि गेजवर विसंबू नका. सोनगीरला पहिल्या खेपेला भरलेल्या कॉइलमध्ये नेमकं हेच झालं होतं.

राहिला पायरीचा प्रश्न. पाट्या हाताने बसायला लागल्या, पण शेजारची पडली की एक पाटी आपोआप कोसळायची. पायरीची कड घासून गोल झाली की हे होतं. धक्का लागताच खाच सुटते. याच्या उलट, कडेवर बुरी किंवा खाचखळगे असतील तर चेंडू नेमका लागूनही पाटी पडत नाही, आणि खेळणारा चेंडूला दोष देतो. गावातल्या एका तांबटाने ती पट्टी काढून ऐरणीवर सरळ केली आणि कानशीने कड चौकोनी काढली. पत्र्याच्या कामात ज्याचा हात बसलेला आहे त्याला असली कड डोळ्याने दिसते आणि नखाने कळते. वाइंडिंगवाल्याने तांबटाकडे जावं, तांबटाने टर्नरकडे जावं, यात कमीपणा नाही. सोनगीरसारख्या गावात ही माणसं अजून हाकेच्या अंतरावर आहेत, ही केवढी मोठी सोय आहे.

अमेरिकन यंत्र इथे चालवताना आणखी दोन गोष्टी पाळा. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला २३० व्होल्टचा टॅप आहे का ते आधी बघा. अनेक यंत्रं ११५-१२० वरच जोडलेली असतात आणि एकदाच चुकीचा प्लग लावला की ट्रान्सफॉर्मर गेला. स्टेपडाउन लावला तरी आपली फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ आहे, तिकडची ६०. त्यामुळे गुण मोजणारी मोटर एक षष्ठांश हळू फिरते आणि ट्रान्सफॉर्मर थोडा जास्त तापतो. तेवढं चालतं. दुसरी गोष्ट अर्थिंगची. या जुन्या पेट्यांना बहुतेक वेळा दोन पिनांचा प्लग असतो आणि पुढच्या दाराचं लोखंड खेळणाऱ्याच्या हाताशी असतं. तीन पिनांची वायर टाका, दार, पाय आणि ट्रान्सफॉर्मरची पट्टी अर्थला जोडा आणि त्यानंतरच यंत्र मालकाला द्या. मुलं याला हात लावणार आहेत.

सोनगीरचं यंत्र आता चालतं. पेटीच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे: फ्यूज किती अँपिअरचा, कॉइलला वायर कोणती, वेढे किती, कोणत्या तारखेला काय काढलं. आपल्या दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक स्टार्टरच्या झाकणातही असा कागद असावा, अशी माझी सगळ्यांना विनंती आहे. ज्यांनी तो लावायला सुरुवात केली असेल त्यांनी नमुना आमच्याकडे पाठवावा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.